पाय वर, नलू!

प्रत्येक घराण्यात एक बाई अशी असते की जिला बसलेलं कोणी पाहिलेलं नसतं. लग्नाच्या पंगतीत ती वाढायला असते, आणि वाढून झाल्यावर 'आता तू बस बघू' म्हटलं की 'बसते गं' म्हणत पाण्याचा जग उचलून पुन्हा निघते. तिचं जेवण ओट्याशी उभ्याउभ्या होतं, चहा तर चालता चालताच. बारशाला कुंचीची नाडी तीच शोधून देते आणि मयताला मडकं कुठे मिळतं हेही तिलाच ठाऊक असतं. दुसऱ्याच्या घरी गेली तर पाच मिनिटांत त्यांच्याच फडक्याने त्यांचाच ओटा पुसायला लागते. घरची माणसं कौतुकाने म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. या कौतुकात थोडी सोयही असते. एकीच्या पायाला भिंगरी असली की बाकीच्यांना जागचं हलावं लागत नाही.

आमच्याकडे ही जागा नलूआत्याची. डोंबिवली पूर्वेला लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला, केंद्र सरकारच्या एका खात्यात निवृत्तीपर्यंत नोकरी, सकाळी फास्ट लोकलने व्हीटी आणि संध्याकाळी परत. बायकांच्या डब्यात बसून मटार सोलणाऱ्या पुष्कळ. आत्या उभ्याने सोलायची, आणि तेही पुष्कळदा दुसरीचे, असं तिच्या ग्रुपमधल्या बायका अजून सांगतात. निवृत्त झाल्यावर ही आता थांबेल असं सगळ्यांना वाटलं. तिने फक्त मार्ग बदलले. सकाळी फडके रोडवरचा गणपती, तिथून भाजी, तिथून ज्यांच्याकडे कोणी आजारी असेल त्यांच्याकडे डबा, आणि येताना कुणाचं तरी लाइटबिल.

तिचे यजमान अप्पा. त्यांच्याविषयी आतापर्यंत लिहिण्यासारखं काही नव्हतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू व्हर्नियर आणि मायक्रोमीटर लावून मोजण्यात जन्म गेला. निवृत्तीनंतर मोजायला घरात काही शिल्लक राहणार नाही याची काळजी आत्याने घेतली होती. पेपर, औषधाची गोळी, दुपारची झोप आणि 'अहो, बाजूला व्हा' एवढ्यावर त्यांचा दिवस निघे.

आत्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी सुपारीएवढं टेंगूळ कधी आलं हे तिलाही सांगता येत नाही. खाली बघायला वेळ कुणाला होता? अंगठा हळूहळू शेजारच्या बोटाकडे झुकत गेला, मग त्याच्याखाली शिरू लागला. त्या बोटातलं जोडवं अंगठ्यावर घासून एका कडेने पार झिजलं. आत्याने यावर स्वतःचा उपाय काढला होता. नवी चप्पल आणली की स्टेशनजवळच्या चपला दुरुस्त करणाऱ्या दादांकडे द्यायची आणि त्या जागी पट्टा कापून घ्यायचा. त्यामुळे कुणाच्याही दाराबाहेरच्या चपलांच्या गर्दीत आत्या आत आहे की नाही ते जिन्यातूनच कळायचं. उजव्या चपलेला खिडकी. कोल्हापुरी मात्र सुटली, कारण तिच्या अंगठ्यात आत्याचा अंगठा शिरेना.

'हे आमच्या घराण्याचं हाड आहे,' असं ती सांगायची, आणि सांगताना आवाजात जमीनजुमला सांगितल्याचा थाट असायचा. पुरावा म्हणून भिंतीवर आमच्या पणजीचा फोटो आहे. नऊवारी, कपाळावर आडवी चिरी, ओट्यावर बसलेली, अनवाणी. आणि नीट बघितलं तर उजव्या पायाला तेच टेंगूळ.

हाड दुखत असणारच, पण आत्या दुखण्याविषयी बोलत नसे. मग एका संध्याकाळी अप्पांना स्टेशनच्या पुलाखालच्या भाजीवालीचा फोन आला. तिचा आवाज घाबरा होता. 'काका, लवकर या. काकू बसल्यात!'

जिन्याच्या पायरीवर आत्या खरंच बसली होती.

अस्थिरोगतज्ज्ञांनी तिला उभं करून पायाचा एक्सरे काढला. अशा वेळी उभ्यानेच काढतात, कारण पायावर भार आल्याशिवाय हाडांचा खरा कल दिसत नाही. उभं राहायला सांगणारे डॉक्टर आत्याला पहिल्या भेटीतच आवडले. त्यांनी एक्सरेवर दोन रेघा मारून दाखवलं की हाड वाढलेलं वगैरे काही नाही. अंगठ्याच्या पाठीमागचं लांब हाड बाहेर सरकतं, अंगठा उलट्या दिशेला कलतो आणि मधला सांधा कोपऱ्यात उघडा पडतो. तेच ते टेंगूळ. हा कोन पंधरा अंशांच्या आत असला तर ठीक, आत्याचा बत्तीस. दुखण्याचं नाव हॅलक्स व्हॅल्गस. आत्याने ते दोनदा म्हणून घेतलं.

'गोळ्यांनी सरळ होईल?'

'नाही.'

'पट्टा? ते रबराचं मिळतं, बोटांच्या मध्ये घालायचं?'

'त्याने घासणं कमी होईल, बरं वाटेल. हाड जागेवर येणार नाही. ते यायचं तर ऑपरेशन. हाडाला व्हीच्या आकाराचा काप घ्यायचा, पुढचा तुकडा सरकवायचा आणि स्क्रूने बसवायचा. मग सहा आठवडे सांभाळायचं.'

'सांभाळायचं म्हणजे?'

'म्हणजे बसायचं,' डॉक्टर म्हणाले. केबिनमध्ये शांतता पसरली. अप्पांनी माझ्याकडे बघितलं.

तारीख ठरवायला पंचांग आणि कॅलेंडर दोन्ही लागली. श्रावणात नको, गणपतीत कसं जमेल, पितृपक्षात तर सोडाच, नवरात्रात घट, दिवाळीला मुलगा-सून पुण्याहून येणार. शेवटी 'तुळशीचं लग्न लागलं की माझं लावा' असं तिने डॉक्टरांना सांगितलं. भरतीच्या आदल्या आठवड्यात तिने सहा आठवड्यांची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, दाण्याचं कूट आणि तीन प्रकारच्या चटण्या करून बरण्या भरल्या. त्याही त्याच पायावर, उभ्याने.

भूल कमरेखालीच दिली होती, त्यामुळे पडद्याच्या अलीकडे आत्या जागी होती. करवतीचा आवाज आला तेव्हा तिने विचारलं, 'बारीक पातं आहे ना?' पुढे स्क्रूचा आवाज आल्यावर, 'पूर्ण आवळलात का?' डॉक्टरांनी आवळलाय असं सांगितलं. परिचारिकेने तिला झोपेचं काही तरी द्यावं का असंही विचारलं म्हणतात. भरतीच्या वेळी बोटांतली जोडवी काढून अप्पांच्या हातात दिली होती. ती त्यांनी रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवली, आणि पुढचे कित्येक दिवस अप्पा वाकले की खिशातून किणकिण ऐकू यायची.

घरी आणताना तीन मजले चढवायचे होते. फिजिओथेरपीच्या मुलीने नियम शिकवला होता: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पण पहिल्याच दिवशी कुणी धोका पत्करेना. इमारतीतल्या चौघांनी हातांची प्लॅस्टिकची खुर्ची आणली, आत्याला तिच्यात बसवलं आणि उचललं. मी मागच्या उजव्या पायाला होतो. पहिल्या वळणावर हुकूम आला: 'खुर्ची तिरकी करा. आमचा फ्रिज चढवताना केली होती तशी.' दुसऱ्या मजल्यावर तिने सगळ्यांना थांबवलं. आम्हाला वाटलं, दुखलं. ती वर बघत होती. 'या खिडकीच्या वर किती जळमटं आहेत! रोज जाते इथून, कधी दिसली नाहीत.' चौघे पुरुष धापा टाकत होते. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत जिना झाडणाऱ्याला निरोप गेलेला होता.

पहिले दोन आठवडे पाय उशांवर, हृदयापेक्षा उंच. यात ढिलाई चालत नाही, कारण पाय खाली सोडला की रक्त उतरतं, ठणका लागतो आणि बोटं बघता बघता जांभळी पडतात. 'हृदयापेक्षा उंच' हे शब्द अप्पांनी ऐकले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा तेज पाहिलं. एवढ्या वर्षांनी घरात मोजण्यासारखं काही तरी आलं होतं. त्यांनी कपाटातून स्पिरिट लेव्हल काढली. दोन उशा, एक लोड आणि वर घडी केलेली सोलापुरी चादर अशी रचना ठरली. रोज संध्याकाळी सात वाजता टेपने घोट्याचा आणि पंजाचा घेर मोजून वहीत लिहायचा. वहीच्या पानावर रकाने: तारीख, वेळ, पंजा, घोटा, रंग, शेरा. शेऱ्यात बहुतेक वेळा एकच शब्द असे. 'उठली.'

कारण ती उठायचीच. बाजूच्या खोलीत पेला पडल्याचा आवाज झाला की पाय आपोआप खाली. 'पाय वर, नलू!' ही अप्पांची हाक दिवसातून इतक्या वेळा व्हायची की खालच्या मजल्यावरचं तीन वर्षांचं पोर आल्या-गेल्याला 'पाय वल, नलू' म्हणायला लागलं.

हाक मारायला म्हणून आत्याने देवघरातली घंटा उशाशी घेतली. पहिल्या सकाळी ती वाजवली तेव्हा समोरच्या कुलकर्णीकाकू पदर सावरत, हात जोडून आत आल्या. त्यांना वाटलं, आरती आहे. आल्याच आहात तर दुधाचं पातेलं बघता का, असं म्हणून आत्याने त्यांना कामाला लावलं. मग लक्षात आलं की ही बाई आजारी पडलेलीच नाही. तिचा फक्त एक पाय बंद होता, आणि त्याच्याऐवजी तिने आमचे सगळ्यांचे पाय चालू केले होते. मी भाजी आणायचो. भाची पोस्टात जायची. पुण्याहून सून फोनवरून गॅसचा नंबर लावायची. दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजचा पोरगा दळण न्यायचा, आणि 'गहू थोडे जाडसर सांग, आणि आधी कुणाचं ज्वारीचं नाही ना झालं ते विचार' हे वाक्य त्याला पाठ झालं होतं.

खरा रंग भरला तो स्वयंपाकघरात. पोळ्यांना बाई होत्या. बाकीचं अप्पांवर आलं. त्यांना चहासुद्धा नीट येत नव्हता. आत्या खाटेवर, स्वयंपाकघर भिंतीपलीकडे, दिसायला काहीच नाही. म्हणून तिने कानांनी आणि नाकाने स्वयंपाक करायला घेतला.

'मोहरी तडतडली नाही अजून, जिरं टाकू नका.'

'टाकत नाहीये.'

'डबा उघडल्याचा आवाज आला.'

पलीकडे डबा बंद झाल्याचा आवाज.

'आता टाका. हिंग! हिंग राहिलं. आणि लसूण करपली तुमची.'

'करपली नाही, तांबूस आहे.'

'तुमचा तांबूस मला ठाऊक आहे.'

पहिल्या आठवड्यात आमटी पाण्यासारखी झाली, दुसऱ्या दिवशी पाणी कमी पडून पिठल्यासारखी. मग अप्पांनी मुलाला फोन करून स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मागवला आणि दुसरी वही घातली. तीन माणसांची आमटी: तूरडाळ १०० ग्रॅम, मोहरी २ ग्रॅम, चिंच १० ग्रॅम, गूळ १२. मीठ मोजून. कांदा चिरताना फोडी सारख्या आहेत की नाही ते बघायचे, आणि मला तर शंका आहे की एकदा त्यांनी व्हर्नियर लावला. हळूहळू भिंतीपलीकडून येणारी उत्तरं कमी होत गेली. एक दिवस 'मोहरी' एवढं आत्या म्हणाली आणि पलीकडून स्वयंपाकघराचं दार लोटल्याचा आवाज आला. त्या दिवशीची आमटी जेवताना ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मीठ बरोबर आहे.' ही तक्रार होती.

नोव्हेंबर असल्यामुळे त्यातच हयातीचा दाखला आला. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं. आता ते मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. पूर्वीसारखं बँकेत जाऊन रांग लावायला नको. पण त्यासाठी चेहरा क्षणभर स्थिर ठेवून फक्त डोळ्यांची उघडझाप करायची असते. आत्याला डोळे मिटता येत होते, तोंड मिटता येत नव्हतं. दर वेळी फोटो टिपायच्या ऐन वेळी तिला आत काही तरी आठवायचं. 'दूध...' की झालं. भाचीने शेवटी दूध उतू जात नाहीये अशी शपथ घेतली, तेव्हा सरकारदरबारी आत्या जिवंत ठरली.

दोन आठवड्यांनी टाके निघाले आणि बुटाचा प्रश्न उभा राहिला. या ऑपरेशननंतर एक खास बूट देतात. त्याला तळ फक्त टाचेकडे असतो, पुढचा भाग अधांतरी, म्हणजे चालताना सगळा भार टाचेवर येतो आणि सांधलेल्या हाडाला धक्का बसत नाही. तो घरातसुद्धा घालायचा. एक पाऊलही त्याच्याशिवाय टाकायचं नाही. आणि आत्याच्या घरात गेली चाळीस वर्षं उंबरठ्याच्या आत चप्पल आलेली नव्हती. गॅसदुरुस्तीचा माणूस, केबलवाला, एकदा तर निवडणुकीचे उमेदवार, सगळ्यांनी ती बाहेर काढलेली. आता तीच बाई बूट घालून स्वयंपाकघरात आणि देवापुढे उभी राहणार?

एक अख्खी सकाळ ती वॉकर धरून खाटेच्या कडेला बसून होती. नियम तिचाच, मोडायचाही तिलाच. शेवटी निवाडा झाला. हा बूट रस्त्यावर गेलेला नाही आणि जाणार नाही; तो चपलेच्या दुकानातून नव्हे, औषधाच्या दुकानातून आलाय; त्याच्यावर डॉक्टरांची चिठ्ठी आहे; तेव्हा तो औषध. तरी अप्पांनी तळ गोमूत्राने पुसून घेतला आणि देवघरापुढे वेगळं आसन टाकलं. मी सहज म्हणालो, 'म्हणजे आता डॉक्टरांनी मला बूट लिहून दिले तर मीही घालून आत येऊ?' आत्याने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर आजतागायत मी त्या घरात मोजे काढूनच जातो.

समाचाराला येणाऱ्यांचे दोन वर्ग असतात. काही उपाय घेऊन येतात, काही कारण. उपायवाल्यांत एकीने बिब्बा सुचवला. तिला ते कुरूप वाटलं होतं. एकीने कांडवेल आणून दिली. खालच्या फर्नांडिसबाईंनी पायाचं सूप पाठवलं, आणि शाकाहारी असल्यामुळे आत्याने ते शेजाऱ्याच्या कुत्र्याला पाजलं. कारणवाले जास्त त्रासाचे. त्यांचं म्हणणं, हे सगळं टोकदार चपलांनी, उंच टाचांनी होतं. त्यात तथ्य आहे. हाँगकाँगमध्ये १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बूट घालणाऱ्यांमध्ये तिघांतल्या एकाला हे दुखणं निघालं, आणि अनवाणी राहणाऱ्यांत शंभरात जेमतेम दोघांना. इंग्लंडमध्ये केंब्रिजला जुन्या दफनभूमींतले १७७ सांगाडे तपासले, त्याचा निष्कर्ष २०२१ साली आला: चौदाव्या शतकात लांब टोकांच्या बुटांची फॅशन आल्यावर हे प्रमाण शेकडा ६ वरून २७ वर गेलं. मी हे आत्याला वाचून दाखवलं, ते तिला दिवस जायला काही तरी हवं म्हणून. तिने त्यातलं एवढंच उचललं की त्या सांगाड्यांत मठातले भिक्षूही होते, आणि त्यांच्यात हे दुखणं सगळ्यांत जास्त निघालं.

'बघा,' ती पाहुण्यांना सांगू लागली, 'साधुसंतांना झालं होतं. आणि चपलेचं म्हणाल तर ती बघा आमची आजी.' काठीच्या टोकाने फोटो दाखवायची. 'जन्मात पायात काही घातलं नाही. रक्तातच यावं लागतं हे.' मग खिडकीच्या काचेला एक्सरे लावला जायचा. आधीचा डावीकडे, नंतरचा उजवीकडे. 'हा माझा बत्तीस डिग्री होता.' एका म्हाताऱ्या गृहस्थांनी 'एवढा ताप होता?' असं विचारल्यावर तिने त्यांना पट्टी आणि कोनमापक घेऊन बसवलं. दोन स्क्रू पांढरे लखलखीत दिसतात, ते टायटॅनियमचे. विमानतळावरच्या यंत्रात शिट्टी वाजेल का, हा तिचा लाडका प्रश्न. टायटॅनियमचे एवढे बारीक स्क्रू सहसा वाजत नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती थोडी नाराज झाली.

चौथ्या आठवड्यात अप्पा बँकेत गेले असताना तिने स्वयंपाकघरावर चढाई केली. लॉकडाउनमध्ये मुलाने घेतलेली चाकांची खुर्ची कोपऱ्यात होती. तिच्यात बसून, दुखरा पाय समोर स्टुलावर, स्टूल खुर्चीला जुन्या ओढणीने बांधलेलं, आणि डाव्या पायाने जमीन ढकलत आत्या निघाली. हॉल झाला, मधला बोळ झाला, आणि स्वयंपाकघराच्या संगमरवरी उंबरठ्याला चाकं अडली. इंचभर उंची. मी नेमका तेव्हा मेथी घेऊन पोचलो. ती उंबरठ्याच्या अलीकडून मान उंच करून आत बघत होती. आत तिच्या बरण्या खालच्या फळीवर आल्या होत्या. प्रत्येकीवर अप्पांच्या सुबक अक्षरात चिठ्ठी: नाव, वजन, उघडल्याची तारीख. मसाल्याचा डबा डावीकडून उजवीकडे गेला होता. ओटा लख्ख होता.

'मला आत ढकल,' ती म्हणाली. मग लगेच, 'नको. राहू दे.'

सहा आठवड्यांनी नवा एक्सरे झाला, हाड सांधलं होतं, आणि डॉक्टरांनी रुंद पंजाचे बूट घालायला परवानगी दिली. सूज अजून तीन-चार महिने, कुणाकुणाची त्याहून जास्त राहते, हेही सांगितलं. बायकांच्या विभागात रुंद पंजाचं काही मिळेना. शेवटी तिने पुरुषांचे खेळाचे बूट घेतले, निळे, पांढऱ्या पट्ट्यांचे. ते घालून साडीत ती फडके रोडवर निघाली तेव्हा मागे वळून बघणाऱ्यांना तिने आपणहून कोन सांगितला.

संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षीप्रमाणेच झालं, पण बसून. बायका ओळीने येत, वाकून नमस्कार करत, आणि त्या वाकल्या की आत्या त्यांच्या पायांकडे बघे. दोन महिने एका जागी बसल्यामुळे तिला पहिल्यांदाच लोकांचे पाय दिसत होते. 'तुझा कललाय गं.' 'तुझा आताच सुरू होतोय, या चपला टाक.' समोरच्या कुलकर्णीकाकूंचा तर तिच्याहून जास्त निघाला. त्यांनी तो मोज्यात लपवला होता. वाण म्हणून मागच्या वर्षी स्टीलच्या वाट्या होत्या. या वर्षी प्रत्येकीच्या हातात, तिळगुळाच्या पुडीबरोबर, सिलिकॉनचं बोटांमध्ये घालायचं एक रबर पडलं. 'याने सरळ होत नाही, फक्त घासत नाही,' हे ती प्रत्येकीला बजावून सांगत होती. तिळाच्या वड्या अप्पांनी केल्या होत्या. सगळ्या एका मापाच्या. बायका त्या हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या, आणि चौघींनी आत जाऊन अप्पांकडे कृती मागितली. त्यांनी वही काढून पाकाचं तापमान सांगितलं. आत्याने हे बाहेरून ऐकलं.

त्यानंतर स्वयंपाकघराचा ताबा परत देण्याची बोलणी बरेच दिवस चालली. सकाळ आत्याची, संध्याकाळ अप्पांची, असं काहीसं ठरलं. पण मसाल्याचा डबा रात्रीत डावीकडे जायचा आणि दुसऱ्या रात्री उजवीकडे.

शेवटच्या तपासणीला मी बरोबर होतो. डॉक्टर खूश होते. आत्याला जोडवं घालायला परवानगी मिळाली. अप्पांनी खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली, आणि सावकाश वहीही काढली.

'डॉक्टर, मग डावा कधी?'

डॉक्टरांनी डावा पाय हातात घेऊन बघितला. 'कललाय थोडा. पण दुखत नसेल तर हात लावायचा नाही. नुसतं दिसतं म्हणून हे ऑपरेशन करत नाहीत.'

'दुखतो,' अप्पा म्हणाले.

'अहो, काही दुखत नाही,' आत्या म्हणाली.

'तिला सांगायची सवय नाही,' अप्पा डॉक्टरांना म्हणाले. 'सहा आठवडे ना? मी सगळं जमवतो. या खेपेला उंधियो, मोदक, सगळं बघतो मी. तुम्ही फक्त तारीख द्या.'

'माझ्या डाव्या पायाला काही झालेलं नाही,' आत्या उठली, 'आणि होणारही नाही. चला.'

गेल्या आठवड्यात संध्याकाळी मला ती स्टेशनच्या पुलावर दिसली. निळे बूट, दोन्ही हातांत पिशव्या, एकीतून मुळ्याचा पाला बाहेर आलेला. गर्दीतून नेहमीच्या वेगाने चालली होती, पण डाव्या पायावर किंचित लंगडत. मला बघितल्याबरोबर सरळ झाली. एक पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढे जाता जाता म्हणाली, 'अप्पांना बोलू नकोस हं काही.'